‘सर्वांसाठी’ केलेल्या कायद्यात काळी आई का वाचत नाही?

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या वस्तीतल्या विहारात महात्मा फुले जयंतीचा कार्यक्रम होता. बोलता बोलता मी सांगितले की, जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले होते. कार्यक्रम संपल्यावर अकरावीतली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, “ताई, ते पुस्तक लिहिलं तेव्हा तिकडची गुलामगिरी संपली होती ना? मग त्या बायकांचं पुढे बरं झालं का?”

मी त्या दिवशी तिला अर्धवट उत्तर दिले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उरलेले उत्तर आहे.

योगायोग असा की, अमेरिकेत ११ ते १७ एप्रिल हा आठवडा काळ्या मातांच्या आरोग्याचा आठवडा म्हणून पाळला जातो. ‘ब्लॅक मामाज मॅटर अलायन्स’ या काळ्या स्त्रियांच्या संघटनेने २०१८ साली तो सुरू केला. त्यांनी या तारखा आपल्या जयंत्या पाहून निवडलेल्या नाहीत. तरीही ११ एप्रिल आणि १४ एप्रिल ज्या आठवड्यात येतात, त्याच आठवड्यात तिकडच्या आपल्या बहिणी ‘आमच्या आया का मरतात’ हा प्रश्न सरकारला विचारतात, ही गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी.

आधी आकडे पाहू. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता मरण पावल्या. काळ्या मातांचा आकडा होता ५०.३. म्हणजे जवळपास साडेतीन पट. आता १९४० साली जाऊ. तेव्हा गोऱ्या मातांचा दर सुमारे ३२० होता आणि ‘गोऱ्यांखेरीज इतर’ या गटाचा, ज्यात बहुसंख्य काळ्या स्त्रिया होत्या, सुमारे ७७४. म्हणजे साधारण अडीच पट. मोजण्याच्या पद्धती मधल्या काळात बदलल्या, हे खरे. पण दिशा स्पष्ट आहे. पेनिसिलीन आले, रक्तपेढ्या आल्या, सिझेरियन सुरक्षित झाले, सगळ्यांचेच मृत्यू प्रचंड कमी झाले. दरी मात्र बुजली नाही, उलट वाढली.

असे का व्हावे? माझे म्हणणे असे आहे की, अमेरिकेने मातांसाठी जे कायदे केले ते बहुतेक वेळा ‘सर्व मातांसाठी’ म्हणून केले. विषमतेवर उभ्या असलेल्या समाजात ‘सर्वांसाठी’ केलेली गोष्ट आधी वरच्यांपर्यंत पोहोचते आणि खालच्यांपर्यंत येईतो आटते. ज्या वेळी कायद्याने भेदभावाचे नाव घेतले आणि पैशाला अट जोडली, त्याच वेळी काही हलले. हे इतिहासातून तपासून पाहू.

मालमत्तेचा कायदा

काळ्या आईविषयीचा एक सर्वात जुना कायदा व्हर्जिनिया वसाहतीत १६६२ साली झाला. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईच्या दर्जावरून ठरेल, असे त्यात म्हटले होते. इंग्रजी रिवाजात मूल बापाचे वारस असे. इथे मुद्दाम उलटे केले, कारण मालकाने गुलाम स्त्रीवर बलात्कार केला तर होणारे मूलही मालकाची मालमत्ता व्हावे. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी झाली. त्यानंतर गुलामांची संख्या वाढवायची तर काळ्या स्त्रीचे बाळंतपण हाच मार्ग उरला. मालकांना तिच्या गर्भात रस होता, तिच्या जिवात नव्हता.

याच काळात, १८४५ ते १८४९ दरम्यान, अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. बाळंतपणात झालेल्या जखमेमुळे सतत लघवी गळत राहण्याचा त्रास या स्त्रियांना होता. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही त्यांतली तीन नावे आपल्याला माहीत आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, तीही भूल न देता. सिम्सला ‘आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक’ म्हटले गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हटवायला २०१८ साल उजाडले.

काळ्या माणसाला वेदना कमी होतात ही समजूत तिथेच संपली असे कोणी समजू नये. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी केली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना काळ्या शरीराबद्दलची एक तरी खोटी समजूत खरी वाटत होती. काळ्यांची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. शास्त्र शिकलेला माणूस भेदभाव करत नाही, असे आपल्याकडेही सांगितले जाते. त्या सांगणाऱ्यांनी हे वाचावे.

१९२१ : पहिला मातृत्व कायदा

अमेरिकेत स्त्रियांना १९२० साली राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळाला आणि पुढच्याच वर्षी माता व बालकांसाठीचा पहिला केंद्रीय कायदा झाला. तो शेपर्ड-टाउनर कायदा म्हणून ओळखला जातो. केंद्र सरकार राज्यांना पैसे देणार, राज्ये गरोदर स्त्रियांसाठी दवाखाने उघडणार, परिचारिका घरोघरी जाणार. त्या काळाच्या मानाने हे मोठे पाऊल होते.

पण या कायद्याचा कारभार राज्यांच्या हाती होता आणि दक्षिणेतली राज्ये म्हणजे वंशभेदाचे बालेकिल्ले. तिथल्या काळ्या स्त्रियांना मताधिकार फक्त कागदावर मिळाला होता. कायदा मंजूर झाला तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये एकही काळा सदस्य नव्हता. १९०१ ते १९२९ या काळात तिथे एकही काळा माणूस सदस्य म्हणून बसलेला नव्हता. ज्यांच्या घरी सर्वाधिक माता मरत होत्या, त्यांचा त्या सभागृहात आवाजच नव्हता. बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व का मागत होते, हे अशा वेळी नीट कळते.

दक्षिणेत काळ्या स्त्रियांची बाळंतपणे काळ्या सुईणीच करत. गोरा डॉक्टर त्यांच्या दारी येत नसे आणि रुग्णालय त्यांना आत घेत नसे. या कायद्याच्या पैशातून सुईणींना स्वच्छतेचे शिक्षण मिळाले, हे चांगले झाले. पण त्याचबरोबर नोंदणी, तपासणी आणि परवान्याचा फासही आवळला गेला. सुईण अडाणी, घाणेरडी, अंधश्रद्ध, असा प्रचार झाला आणि पुढच्या काही दशकांत हा सगळा वर्ग संपवला गेला. एखाद्या जातीकडे पिढ्यान्पिढ्या असलेले काम हलके ठरवायचे, त्यातले ज्ञान काढून घ्यायचे आणि माणसाला बाहेर काढायचे, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडेही नाळ कापणारी दाई कोणत्या समाजाची असे, हे वेगळे सांगायला नको.

डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने या कायद्याला ‘समाजवाद’ म्हणून विरोध केला आणि १९२९ साली तो बंद पडला.

एका वाक्याची चोरवाट

१९४६ साली हिल-बर्टन कायदा आला. देशभर रुग्णालये बांधायला केंद्राचा पैसा मिळू लागला. कायद्याच्या मजकुरात वंशभेद करू नये असे म्हटले होते. पण त्यालाच एक चोरवाट ठेवली होती : समान दर्जाच्या वेगळ्या सोयी असतील तर चालेल. या एका वाक्याच्या आधारावर सरकारी पैशातून गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी रुग्णालये उभी राहिली. समान दर्जा कुठेच नव्हता.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावचे दंतवैद्य जॉर्ज सिम्किन्स आणि त्यांचे सहकारी याविरुद्ध कोर्टात गेले. १९६३ साली अपील न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला वंशभेद करायला बंदी केली. पाठोपाठ १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना आल्या. मेडिकेअर सुरू करताना सरकारने सरळ सांगितले की, काळ्या रुग्णांना वेगळे ठेवणाऱ्या रुग्णालयाला पैसा मिळणार नाही. चार महिन्यांच्या आत हजाराहून अधिक रुग्णालयांनी भेदभावाच्या भिंती पाडल्या. जे काम शंभर वर्षांच्या उपदेशाने झाले नव्हते, ते चार महिन्यांत झाले. दक्षिणेतल्या काळ्या अर्भकांचे मृत्यू त्यानंतरच्या काही वर्षांत झपाट्याने घटले.

यातून घ्यायचा धडा सोपा आहे. मनपरिवर्तनाची वाट पाहत बसायचे नसते. पैशाला अट घालायची आणि अट मोडली तर पैसा थांबवायचा.

‘हा तर गरिबीचा प्रश्न आहे!’

जात म्हटली की आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणते, “हा आर्थिक प्रश्न आहे, गरिबी दूर करा, सगळे सुटेल.” अमेरिकेतही हेच म्हणतात. काळ्या स्त्रिया गरीब असतात, लठ्ठ असतात, तपासणीला येत नाहीत, म्हणून मरतात, असा त्यांचा युक्तिवाद.

डॉ. शॅलन अर्विंग यांचे उदाहरण या युक्तिवादाला पुरेसे उत्तर आहे. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, डॉक्टरेट मिळवलेल्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रात, म्हणजे सीडीसीत, काम करत होत्या. सामाजिक विषमतेचा माणसाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, हाच त्यांच्या कामाचा विषय होता. चांगला विमा होता, आई सोबत होती. २०१७ च्या जानेवारीत मुलगी झाली. त्यानंतर रक्तदाब वाढला, पाय सुजले, त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेल्या आणि प्रत्येक वेळी घरी पाठवल्या गेल्या. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय ३६. मी स्वतः समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. जो विषय आपण शिकतो, त्याच विषयाचा आकडा होऊन जाणे म्हणजे काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

त्याच वर्षी टेनिसपटू सेरेना विल्यम्स बाळंतपणानंतर फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीने मरता मरता वाचल्या. आपल्याला काय होते आहे हे त्यांना स्वतःला कळत होते, पण तपासणी व्हावी म्हणून त्यांनाही हट्ट धरावा लागला.

ही सुटी उदाहरणे नाहीत. २००७ ते २०१६ या दहा वर्षांच्या आकडेवारीत दिसले की, पदवीधर काळ्या स्त्रीच्या मातामृत्यूचा दर पदवीधर गोऱ्या स्त्रीच्या पाच पट होता. एवढेच नाही, तर शालान्त शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षाही तो दीड पटीहून जास्त होता. शिक्षण आले, पगार आला, पण डॉक्टरच्या नजरेतला रंग गेला नाही. अर्लिन जेरोनिमस या अभ्यासिकेने १९९२ साली मांडले होते की, आयुष्यभर सोसलेला वंशभेद शरीराला आतून झिजवतो आणि काळ्या स्त्रीचे शरीर वयाआधी थकते. आर्थिक निकषाचे समर्थक याला काय उत्तर देणार?

मोजणीचा कायदा

आश्चर्य वाटेल, पण जगातल्या सर्वात श्रीमंत देशाने २००७ नंतर दहा वर्षांहून अधिक काळ मातामृत्यूचा अधिकृत राष्ट्रीय दर प्रसिद्धच केला नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर ‘गरोदर होती का’ ही चौकट २००३ पासून आली, पण सगळ्या राज्यांनी ती स्वीकारायला बरीच वर्षे घेतली. या चौकटीमुळे आकडे फुगले अशी टीकाही काही संशोधकांनी केली आहे. ती टीका मान्य करून वेगळ्या पद्धतीने मोजले तरी काळ्या-गोऱ्यांतली दरी उरतेच.

२०१६ च्या एप्रिलमध्ये किरा जॉन्सन ही काळी स्त्री लॉस एंजेलिसच्या एका नामांकित रुग्णालयात दुसऱ्या बाळंतपणासाठी गेली. सिझेरियननंतर पोटात रक्तस्राव होत असल्याची चिन्हे दिसूनही दहा तासांहून अधिक वेळ गेला आणि ती वाचली नाही. तिचे पती चार्ल्स जॉन्सन यांनी २०१८ साली काँग्रेससमोर साक्ष दिली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मातामृत्यू रोखण्याचा कायदा झाला. राज्यांमध्ये समित्या नेमून प्रत्येक मृत्यूची कारणे तपासायला त्यातून केंद्राचा पैसा मिळू लागला.

या समित्यांच्या कामातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, दर पाचांतले चारांहून अधिक मृत्यू टाळता येण्यासारखे होते. दोन, निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपणाच्या आठवड्यानंतर ते वर्षभराच्या आत होत होते. आणि मेडिकेडचे संरक्षण अनेक राज्यांत बाळंतपणानंतर ६० दिवसांनी संपत होते! काळ्या स्त्रियांच्या सुमारे दोन तृतीयांश बाळंतपणांचा खर्च मेडिकेड उचलते. म्हणजे ज्यांना सर्वाधिक धोका, त्यांचेच छत्र मध्येच काढून घेतले जात होते.

मॉम्निबस

२०१९ च्या एप्रिलमध्ये लॉरेन अंडरवूड आणि अल्मा ॲडम्स या दोन काळ्या महिला खासदारांनी काळ्या मातांच्या आरोग्यासाठी संसदेत गट स्थापन केला. अंडरवूड स्वतः परिचारिका आहेत आणि शॅलन अर्विंग त्यांच्या मैत्रीण होत्या. २०२० साली त्यांनी अनेक विधेयके एकत्र बांधून मांडली. आईसाठीचे ‘ऑम्निबस’ म्हणून तिचे नाव पडले ‘मॉम्निबस’. घर, प्रवास, पोषण, मानसिक आरोग्य, तुरुंगातल्या गरोदर स्त्रिया, काळ्या परिचारिका आणि डूला म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रिया, असे सगळे त्यात आहे. कायद्याच्या नावातच ‘ब्लॅक’ हा शब्द आहे. १९२१ च्या सभागृहात हे शक्य नव्हते. मरणाऱ्यांच्या घरातले कोणीतरी सभागृहात बसल्यावरच हे झाले.

पण पुढे काय झाले? २०२१ आणि २०२३ साली ही विधेयके पुन्हा मांडावी लागली. त्यांतले फक्त एक, लष्करात सेवा केलेल्या मातांचे, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कायदा बनले. सैनिक म्हटल्यावर दोन्ही पक्षांना हात वर करता आला. काळी आई म्हटल्यावर तेच हात खाली राहिले.

त्यातल्या त्यात मोठे यश मिळाले ते वेगळ्या वाटेने. २०२१ च्या कोविड मदत कायद्यात राज्यांना मेडिकेड ६० दिवसांऐवजी बारा महिने देण्याची मुभा मिळाली आणि पुढे ती कायमची झाली. बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. मात्र मुभा म्हणजे हक्क नव्हे.

कॅलिफोर्नियाचा अनुभव तर आणखी बोलका आहे. तिथे २००६ नंतर रक्तस्राव आणि रक्तदाबासाठी ठरावीक उपचारपद्धती बसवल्या आणि २०१३ पर्यंत मातामृत्यू निम्म्याहून खाली आले. सर्व मातांचे. काळ्या मातांची दरी तशीच राहिली. म्हणून २०१९ साली बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना पूर्वग्रहाविषयी प्रशिक्षण सक्तीचे करणारा कायदा झाला. पण त्यात दंडच नव्हता. राज्याच्या महाधिवक्त्यांनी चौकशी सुरू केली, तोवर फार थोड्या रुग्णालयांनी प्रशिक्षणाला हात लावला होता. चौकशीचे पत्र गेल्यावर धावपळ झाली. शेवटी २०२४ साली दंडाची तरतूद करावी लागली. ॲट्रॉसिटी कायद्याची अंमलबजावणी पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात नवे काही वाटणार नाही.

मोजणारेच नको झाले

मोजणी सत्तेला किती टोचते, हे जॉर्जिया राज्याने दाखवले. गर्भपाताचा घटनात्मक हक्क २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. त्याच वर्षी ॲम्बर थर्मन ही २८ वर्षांची काळी आई वेळेवर साधी शस्त्रक्रिया न झाल्याने तिथे मरण पावली. हा मृत्यू टाळता आला असता, असे राज्याच्याच समितीने ठरवले. २०२४ साली ही माहिती पत्रकारांनी उघड केली. तेव्हा सरकारने काय केले? समितीतले सगळे सदस्य काढून टाकले. २०२५ च्या एप्रिलमध्ये सीडीसीत मातांची पाहणी करणारी तुकडीही कर्मचारी कपातीत घरी पाठवली गेली. त्याच वर्षी मेडिकेडलाही मोठी कात्री लागली.

मग आपण काय घ्यायचे?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि सरकारने त्याचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. तेच बाबासाहेब आयुष्यभर सांगत राहिले की, सर्वसाधारण हक्क पुरेसे नाहीत, खास संरक्षणे हवीत. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. अमेरिकेतल्या काळ्या आईचा शंभर वर्षांचा इतिहास त्यांना जोडून दाखवतो.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. अमेरिकेत निदान ५०.३ आणि १४.५ हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात. त्यावर काळ्या स्त्रिया भांडू शकतात. भारताच्या मातामृत्यूचा अधिकृत आकडा, २०१८-२० साठी ९७, नमुना नोंदणी पद्धतीच्या पत्रकातून येतो. त्यात राज्याराज्यांचे आकडे असतात. जातीचे नसतात. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आया त्या ९७ मध्ये किती, हे त्या पत्रकातून कळत नाही. जातनिहाय जनगणनेची मागणी करताना आपण नोकऱ्या आणि जागा बोलतो. तिच्याबरोबर जातनिहाय मातामृत्यूचे आकडे प्रसिद्ध करा, हीही मागणी जोडली पाहिजे.

अकरावीतल्या त्या मुलीला आता माझे उत्तर असे आहे : बाळा, गुलामगिरी संपली, पण त्या बायकांचे आपोआप बरे झाले नाही. जिथे त्यांनी आपल्या मेलेल्यांची मोजणी केली, आपली माणसे सभागृहात पाठवली आणि सरकारच्या पैशाला अट घालायला लावली, तिथे थोडे बरे झाले. जिथे ‘सर्वांसाठी’ या शब्दावर विश्वास ठेवावा लागला, तिथे त्या मरत राहिल्या. तू शिक, आणि आपल्या वस्तीतल्या आयांची मोजणी करणारी हो.

जय भीम! जय सावित्री!